विनाथांबा एक्का

वसमतच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत माझ्या चुका जाहीर होतात, आणि त्याही थेट बसस्थानकाच्या आवाजात. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! सरांच्या हातातून सुटणारी बदामची राणी आज सुटणार नाही. ती मुक्कामी आहे!" असं ओरडणारे गृहस्थ म्हणजे भाऊराव खिल्लारे, निवृत्त वाहतूक नियंत्रक. ब्रिजच्या टेबलावर ते माझे भिडू आहेत, म्हणजे माझ्याच बाजूचे. त्यांचा आवाज निघाला की पुढच्या खोलीत पेपर वाचणारी माणसं पान उलटायची थांबतात. त्यांतले दोघे माझे जुने विद्यार्थी. वर्गात मी ज्यांना कधी तोंड उघडू दिलं नाही, ते आता जाता जाता नमस्कार करतात आणि हळूच विचारतात, "सर, राणी ऱ्हायली का आज?"

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. मला निदान झाडं तरी कळतात, असं मी स्वतःला समजावत असतो.

खिल्लाऱ्यांना सगळं गाव 'कंट्रोलर साहेब' म्हणतं. एकतीस वर्षं त्यांनी स्टँडवर गाड्या सोडल्या. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना गाडीसारखीच दिसते. विचार न करता फटकन पान टाकणारा तो 'विनाथांबा'. जे पान वेळेवर खेळायला हवं होतं आणि शेवटपर्यंत हातात राहून मेलं, ते 'मुक्कामी'. अनपेक्षित एखादा हात मिळाला तर 'जादा गाडी'. आणि मी पानाला बोट लावलं रे लावलं की समोरून सूचना येते, "थांबा घ्या सर, थांबा घ्या." ही सूचना नियमात बसत नाही, असं मी एकदा म्हणालो. "पान कोन्तं टाकायचं ते कुठं सांगून राहिलो? थांबा घ्या म्हणलं. ते तर मी डायवरलाबी म्हनत होतो," असं उत्तर मिळालं.

ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यापेक्षा जास्त मलाही येत नाही, असं कंट्रोलर साहेबांचं मत आहे. चौघे खेळतात, समोरासमोरचे दोघे एका बाजूचे. एक जोडी बोली लावते की आम्ही इतके हात करू. मग त्यांच्यातला एक आपली पानं टेबलावर उघडी मांडून मोकळा होतो, त्या पानांना म्हणतात डमी. त्याचा भिडू दोन्हीकडची पानं खेळतो. उरलेल्या जोडीचं काम एकच, त्यांचा बेत हाणून पाडायचा. हा झाला बचाव. बचावात आपल्याला आपली पानं दिसतात, डमी दिसते, पण समोर बसलेल्या आपल्याच माणसाकडे काय आहे ते दिसत नाही. विचारायचं नाही, खुणावायचं नाही, साधं खाकरायचंही नाही. जे काय बोलायचं ते टाकलेल्या पानातून बोलायचं. आधी मोठं पान टाकलं आणि मग लहान, तर 'माझ्याकडं ह्या रंगाची दोन किंवा चार पानं आहेत' असा त्याचा अर्थ. उलटं टाकलं तर एक किंवा तीन.

कंट्रोलर साहेबांचा जीव ह्या बचावात. बोली लावून हात करणाऱ्यांबद्दल त्यांना फारसा आदर नाही. "एक्के-राजे घेऊन कोनीबी जिंकतं. हातात कायी नसताना दुसऱ्याची गाडी रोखून दाखवा, मग मी म्हनीन ब्रिज येतो."

ते पाचला दहा कमी असताना येतात. खिशातली दस्ती काढून टेबल स्वतः पुसतात, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवतात आणि बाकीच्यांची वाट पाहतात. बचावात त्यांची पाळी आली की पानं छातीशी धरून डोळे मिटतात, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागतो. कुणाकडे कोणत्या रंगाची किती पानं, याचा तो हिशेब. एकदा हे इतकं लांबलं की आमच्यातल्या डॉक्टरांनी उठून त्यांची नाडी पाहिली. डॉक्टर जनावरांचे आहेत, पण काळजी खरी होती. "जिता हाव," कंट्रोलर साहेब डोळे न उघडता म्हणाले, "चौकट मोजून राहिलो."

स्मरणशक्ती तर अशी की मला तिची भीती वाटते. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधतील, पण तीन वर्षांपूर्वीच्या डावात डॉक्टरांकडे इस्पिकची पंजी होती की छक्की हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. आणि हे ते फक्त टेबलावर सांगत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात मी पंगतीला बसलो होतो. पहिली जिलबी तोंडात घालणार, तेवढ्यात वाढणाऱ्यांच्या रांगेतून मठ्ठ्याची बादली घेऊन हे पुढे आले. "सर, बुधवारी चौकट परत काहून दिली न्हाई?" मला बुधवारच आठवेना, तर चौकट कुठून आठवणार! मठ्ठ्याची पळी वरच्यावर धरून त्यांनी मला सगळा डाव सांगितला. माझ्या शेजारचे पाहुणे हिंगोलीजवळच्या गोरेगावचे होते. त्यांना वाटलं दाराच्या चौकटीचं काही प्रकरण आहे. ते म्हणाले, "द्या की सर परत, कशाला तंटा वाढवता."

स्वतःची चूक मात्र ह्या माणसाने कधी मानली नाही. एकदा त्यांनी सरळसरळ चुकीचं पान टाकलं आणि डॉक्टर हरत आलेला डाव जिंकून गेले. आम्ही तिघे त्यांच्याकडे पाहत राहिलो. मला तर आतून उकळ्या फुटत होत्या. कंट्रोलर साहेबांनी शांतपणे पानं गोळा केली. "मुद्दाम टाकलं. सर जागे हाएत का झोपले, ते पाहून राहिलो होतो." आणि गंमत म्हणजे मीच ओशाळलो.

मी ह्यांच्यासमोर येऊन बसलो कसा, ते सांगायला हवं. त्या खुर्चीवर माझ्याआधी दिगंबर गुरुजी बसत. गुरुजी गावातल्या महादेवाच्या देवळात पूजा करतात. हे दोघे सव्वीस वर्षं एकमेकांचे भिडू. मी तेव्हा नुसता प्रेक्षक होतो. गुरुजींच्या मागे खुर्ची टाकून सहा महिने गप्प बसायचो, खेळ समजल्यासारखी मान हलवायचो. मग गुरुजींच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. सुरुवातीला ते बदाम आणि चौकट यांत गल्लत करायला लागले, मग काळ्या पानांतही. एरवी एका पंजीसाठी घसा फोडणारे कंट्रोलर साहेब त्या दिवसांत काहीच बोलत नसत. एका संध्याकाळी गुरुजींनी पानं खाली ठेवली. "पूजा हातानं व्हते, भाऊराव. पत्त्याला डोळे लागतात." उठता उठता त्यांनी मागे हात करून माझा खांदा चाचपला आणि म्हणाले, "हे सर बसतील."

मला आकाश ठेंगणं झालं. सहा महिने नुसती मान हलवूनसुद्धा माझ्यातला खेळाडू जाणकारांच्या नजरेतून सुटला नाही, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवून एवढंच विचारलं, "तुमच्यातला?"

पुढे दोन वर्षं मी रोज बोलणी खाऊन घरी येऊ लागलो, तेव्हा तिने दुसरा प्रश्न विचारला. "घरी कोनी बोलत न्हाई म्हणून तिकडं जाऊन बोलनी खाता का?" घरी कुणी बोलत नाही, हे खरं नव्हतं. पण त्याचा वाद कोण घालणार.

तर कंट्रोलर साहेबांनी हिंगोलीच्या स्पर्धेत आमच्या जोडीचं नाव घातलं. एका मंगल कार्यालयात जोड्यांचा ब्रिज होता. जोड्यांच्या स्पर्धेचा एक फार वाईट गुण असा, की तिथे प्रत्येक टेबलावर तेच डाव फिरतात. जी पानं तुम्हाला आली तीच पानं घेऊन बाकीच्या जोड्याही खेळून जातात, आणि मग कुणी काय केलं ते ताडून पाहतात. म्हणजे 'पानंच वाईट आली हो' ही माझी आयुष्यभराची ढाल तिथे चालत नाही.

तरी दुपारपर्यंत आम्ही बरे होतो. भिंतीवर लावलेल्या तक्त्यात आमचं नाव वरून तिसरं होतं. कंट्रोलर साहेबांनी ते चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं आणि मला स्वतःच्या पैशाने चहा पाजला. आणि मग तो डाव आला. समोरच्यांची बोली बिनहुकमी नऊ हातांची. डमी उघडली, तर तिच्यात किल्वरची पाच पानं, राजापासून नव्वीपर्यंत सलग. बाकीचे रंग भिकार. किल्वरचा एक्का माझ्याकडे, सोबत दोन बारकी पानं. खेळणाऱ्याने हातातून किल्वरची चौकी टाकली, कंट्रोलर साहेबांनी अठ्ठी टाकली, डमीतून राजा आला.

ही अठ्ठी म्हणजे निरोप होता. मोठं पान आधी, म्हणजे त्यांच्याकडे दोनच. डमीत पाच, माझी तीन, त्यांची दोन, म्हणजे खेळणाऱ्याकडे तीन. मी दोन वेळा एक्का दाबून ठेवायचा आणि तिसऱ्या वेळी मारायचा. मग खेळणाऱ्याच्या हातात किल्वर उरत नाही, डमीकडे जायला दुसरी वाट नाही, आणि तिथली चांगली पानं जागच्या जागी वाळून जातात. हे सगळं मला आज, घरी बसून, चहा पिताना व्यवस्थित कळतं. तिथे मला फक्त राजा दिसला. समोर राजा आणि हातात एक्का! मी तो असा आपटला, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहायला लागली.

पुढे काय व्हायचं ते झालं. त्यांचे चार किल्वर चालले, नऊ हात झाले. बाकी जवळजवळ सगळ्या टेबलांवर ही बोली पडली होती, म्हणजे नऊ हात झालेच नव्हते. त्यानंतर उरलेले डाव मी कसे खेळलो ते आठवत नाही. संध्याकाळी आमचं नाव तक्त्यात शेवटून दुसरं होतं. शेवटची जोडी जेवण करून मधूनच घरी निघून गेली होती.

मंगल कार्यालयात कंट्रोलर साहेब एक शब्द बोलले नाहीत. परतीच्या बसमध्ये बसलो. कंडक्टर त्यांच्या ओळखीचा. त्याने हसून विचारलं, "काय साहेब, कसं झालं?" आणि बांध फुटला. उभं राहून, वरचा दांडा धरून, त्यांनी अख्ख्या गाडीला तो डाव सांगितला. "विनाथांबा एक्का! औंढा न्हाई, जवळा न्हाई, थेट! मी अठ्ठी टाकून हात दाखवला, पन हे थांबले न्हाईत! एक्का काय पळून चालला होता का?" कंडक्टरला ब्रिज येत नव्हता, तरी तो "अरारा" म्हणाला. औंढ्याला चढलेल्या एका म्हातारीने शेजारणीला विचारलं, कोण गेलं म्हणून. शेजारणीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी खिडकीबाहेर हळदीची शेतं पाहत बसलो आणि ठरवून टाकलं, बस्स झालं. उद्यापासून पत्त्याला हात लावायचा नाही.

मी उठलो की टेबल मोडणार, हे मला ठाऊक होतं. माझ्या जागी बसेल असा माणूस वसमतमध्ये नव्हता. डॉक्टर आणि चौथे गडी असलेले कापसाचे व्यापारी शेटजी, दोघांना संध्याकाळी दुसरे उद्योग होते. कंट्रोलर साहेबांना नव्हते. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगं परगावी नोकरीला. पाचला दहा कमी असताना पुसलेलं ते टेबल सोडलं तर त्यांच्या दिवसात दुसरं काही नव्हतं. हे कळत असूनही मी म्हटलं, मोडू दे.

ज्यांनी बसवलं त्यांना सांगूनच उठावं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेलो. पूजा आटोपून गुरुजी ओट्यावर बसले होते. समोर बेलाच्या पानांचा ढीग. एकेक पान उचलून ते बोटांनी चाचपत, तीन दळं धड असली तर ताम्हणात टाकत, फाटकं निघालं तर बाजूला.

"कोन?"

"मी, गुरुजी. वाचनालयातला सर."

"सर! या, या, बसा." गुरुजींनी माझा हातच धरला. "तुमचंच नाव रोज ऐकून राहिलो मी ह्या ओट्यावर. परवा काय ती किल्वरची सत्ती टाकली तुमी! मी भाऊरावला म्हनलं, असं पान तर मलाबी सुचलं नसतं."

ती सत्ती मला आठवत होती. ती कंट्रोलर साहेबांनी टाकली होती. मी त्या डावात राजा घेऊन अडकलो होतो.

"आन त्या आधी बदामचा गुलाम सोडून देऊन डॉक्टरला फसवलं, तेबी भारी." तेही कंट्रोलर साहेबांनीच. "आन ह्या गाढवानं काय केलं, तर बदामची राणी मुक्कामी ठेवली! लई झापला मी त्याला."

ती राणी कुणाच्या हातात मेली ते पेपर वाचणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक होतं. शेवटी मला राहवेना. "गुरुजी, खरं सांगू का, ती सत्ती..."

"माहीत हाय," गुरुजी म्हणाले. हातातलं बेलाचं पान त्यांनी सावकाश ताम्हणात टाकलं. "सव्वीस वर्सं मी त्याच्या समोर बसलो सर. 'माजं चुकलं' असं त्या तोंडातून एकदा निघालं न्हाई. आन आता दोन वर्सं झाली, रोज सकाळी येतो आन चार-चार चुका कबूल करतो. मला डोळे न्हाईत, कान तर हाएत ना?"

"मग तुम्ही त्यांना तसं म्हणत का नाही?"

"काहून म्हनू? मी उठलो तरी त्याचं कायी अडलं न्हाई, चांगला भिडू भेटला, असं मला वाटावं म्हणून तो धडपडून राहिला. मला तसं वाटलं, हे त्यालाबी दिसू द्या की." मग गुरुजी गालात हसले. "आन सव्वीस वर्सं मी ऐकून घेतलं. आता त्याला गाढव म्हनायला मिळून राहिलं. ते मी काहून सोडू?"

मी विचारू नये ते विचारलं. "गुरुजी, मग मला कशाला निवडलंत?"

"तुमी सहा महिने मागं बसले, एक शब्द बोलले न्हाई. खेळ येतो का न्हाई, ते मला काय ठाऊक! भाऊरावला ऐकून घेनारा पायजे होता. दुसरा कोनी आठ दिवसांत पळून गेला असता."

दोन वर्षं जपलेला माझ्यातला खेळाडू तिथल्या तिथे संपला. आणि मी तर पळून जातो हे सांगायलाच आलो होतो.

तेवढ्यात अंगणात सायकल लागली. कंट्रोलर साहेब पायऱ्या चढून वर आले आणि मला पाहून जागीच थांबले. चेहरा पार उतरला. टेबलावर डोळ्यांनी खुणावणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. दोन वर्षांत त्यांनी भुवईसुद्धा कधी हलवली नव्हती. त्या सकाळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनी अक्षरशः हात जोडले.

"भाऊराव का? बस. सरबी आलेत," गुरुजी म्हणाले. गुरुजींचा हात माझ्या गुडघ्यावर येऊन बसला. "हिंगोलीचं सांग."

कंट्रोलर साहेब खाली बसले. त्यांनी तोच डाव काढला. त्यांना दुसरा एखादा सांगता आला असता, पण गुरुजींसमोर डाव लपवणं त्यांच्याच्याने झालं नसावं. "डमीत किल्वर पाच, राजापासून. दुसरीकडून जायला रस्ता न्हाई. सरानं अठ्ठी टाकली. एक्का..." ते थांबले. "एक्का माझ्याकडं."

"अठ्ठी म्हंजे सरांची दोन. मग तू दोनदा थांबला."

"न्हाई गुरुजी. मारला."

"पैल्याच पानावर?"

"पैल्याच."

"अरे गाढवा!" गुरुजी असे खुलले की काय सांगू. "सरानं एवढं बराबर सांगितलं तुला, आन तू आंधळ्यावानी एक्का मारून मोकळा? दोन वर्सं बिचारे तुझ्यासंगं तकलीफ सोसून राहिले. माफी माग त्यांची."

हे कंट्रोलर साहेबांच्या हिशेबात नव्हतं. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं, पण नजर ओट्याच्या फरशीवर. ज्या आवाजाने एकतीस वर्षं स्टँड हलवलं, तो आवाज मला दोन हातांवरून जेमतेम ऐकू आला.

"चुकलो सर."

त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी फार माया वाटली. काही तरी बोलणं भाग होतं. गुडघ्यावरचा हात दाबत होता.

"जाऊ द्या साहेब," मी म्हणालो. "गडबडीत होतं असं एखाद्या वेळी."

माझी चूक मी त्यांना अशी मोठ्या मनाने माफ केली. "बघ, कसा भिडू हाय!" गुरुजी म्हणाले आणि पुन्हा बेलाची पानं चाचपायला लागले.

आम्ही दोघे बाहेर आलो. कंट्रोलर साहेब बराच वेळ चपलेत पाय घालत होते. सायकल हातात धरून रस्त्यापर्यंत आले, तेव्हा कुठे बोलले.

"गुरुजीला कायी बोलले तर न्हाई ना तुमी?"

"नाही."

"एक्का तुमीच मारला सर. ते ध्यानात असू द्या."

"हो. मीच मारला."

त्यांनी मान हलवली. थोडं अंतर चालल्यावर सायकल थांबवली आणि दस्तीने चष्मा पुसत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमाला गुरुजीनं बसवलं. आधीच डोळे गेले त्यांचे. आता निवडबी चुकली म्हणून मी कोन्या तोंडानं सांगू?"

चष्मा डोळ्यांवर चढवून झाल्यावर त्यांना एकदम आठवलं. "पन तुमी सकाळी सकाळी इकडं काहून आले होते?"

"सहज," मी म्हणालो. "पाचला येतो."